अकरा नंबरचा सेन्सर

"मुलगी दौऱ्यावर असते," हे वाक्य माझ्या बाबांना इतकं आवडतं की कुणी विचारलं नाही तरी ते सांगतात. शेजाऱ्यांना सांगतात, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगतात, चुकून नंबर लागलेल्याला तर फोन ठेवूच देत नाहीत. दौऱ्यावर जाऊन मुलगी नेमकं करते काय, हे मात्र त्यांना धड सांगता येत नाही. "थंडी मोजते," असं म्हणून ते मोकळे होतात.

तसं ते बरोबरच आहे. मी थंडी मोजते. औषधं, लसी, रक्त, मासे, आइस्क्रीम, जिथे म्हणून थंड खोल्या असतात तिथे मी जाते. माझ्या पेटीत काडेपेटीएवढे पंधरा सेन्सर असतात, प्रत्येकावर आकड्याची छोटी खिडकी आणि टोकाला मोजणारी तार. ते खोलीच्या कानाकोपऱ्यांत टांगायचे आणि चोवीस तास वाट बघायची. दारावरच्या काट्यावर माझा काडीचा विश्वास नाही. त्याची तार बसवलेली असते पंख्याच्या समोर, त्यामुळे त्याला सगळीकडे थंडगारच वाटतं. कोपऱ्यातल्या वरच्या फळीला काय सोसावं लागतंय ते माझे सेन्सर सांगतात. अहवालावर मी सही केल्याशिवाय खोलीत माल ठेवता येत नाही. वय तेवीस, आणि पन्नाशीचे मॅनेजर माझ्यासाठी स्वतः दार उघडतात. मला याचा गर्व आहे, आणि तो लपवायचा मी कधी प्रयत्न केलेला नाही.

दीड वर्षात मी चाळीस गावं पाहिली. पाहिली म्हणजे काय, स्टेशन, लॉज आणि थंड खोली. महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. सुरुवातीला लॉजच्या पलंगावर झोप यायची नाही, आता घरच्या पलंगावर येत नाही. आई म्हणते, "तू घरी पाहुण्यासारखी वागतेस, पाणी प्यायलं की ग्लास विसळून ठेवतेस." हे तक्रार म्हणून सांगते की कौतुक म्हणून, ते अजून कळलेलं नाही.

या सगळ्यात एक माणूस माझ्या हातून निसटत गेलं. तिचं नाव झेरॉक्स.

झेरॉक्स आणि मी कॉलेजची चारही वर्षं हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो. प्रयोगशाळेत आमची एक पद्धत होती. खरं म्हणजे अख्ख्या वर्गाची होती, पण त्यातली उस्ताद मी. प्रयोग करून, आकडे घेऊन, मग आलेख काढायचा हा झाला पुस्तकातला मार्ग. आम्ही आधी आलेख काढायचो. पुस्तकात रेष कशी जाते ते माहीत असायचंच. ती रेष सुबक काढायची, तिच्यावर ठिपके द्यायचे आणि ठिपक्यांवरून आकडे लिहायचे. सगळे ठिपके रेषेवर दिले तर सर ओळखतात, म्हणून मी दोन जरा वर द्यायचे, एक जरा खाली. चूक कशी दिसायला हवी, हे मला बरोबर कळायचं. सरांनी एकदा माझ्या जर्नलवर "उत्तम निरीक्षण" असा शेरा दिला आणि तेव्हापासून मला सगळे ठिपकी म्हणायला लागले.

झेरॉक्सला तेवढेही कष्ट नकोत. ती माझं जर्नल उशाशी घेऊन सही न् सही उतरवायची. काय लिहितोय ते वाचायचं नाही, हा तिचा बाणा. एकदा आकड्यांबरोबर तिने माझा रोल नंबरसुद्धा उतरवला. सरांनी तो भर वर्गात वाचून दाखवला, आणि तिचंही बारसं तिथेच झालं.

कॉलेज संपलं. तिला एका शहरात लसींच्या गोदामात नोकरी लागली, मला ही फिरती. पहिले तीन महिने आम्ही रोज बोलायचो. मग तिच्या फोनच्या वेळी मी गाडीत, माझ्या फोनच्या वेळी ती कामात. तरी चाललं होतं. मग तिच्या आईचं, म्हणजे काकूंचं, खुब्याचं ऑपरेशन ठरलं. घरात दोघीच. मी म्हणाले होते, "मी येते, तू एकटी बसू नकोस." आणि त्या दिवशी मी चारशे किलोमीटरवर एका माशांच्या कारखान्यात होते. काम पुढे ढकलता आलं असतं. मी साहेबांना विचारलंच नाही. नवी नोकरी, वाईट दिसेल, असं वाटलं. फुलं पाठवली. त्यावर तिचा नुसता अंगठा आला. त्यानंतर माझ्या प्रत्येक मोठ्या मेसेजला तिचं उत्तर एका शब्दाचं यायचं. "हो." "बरं." "ठीक."

म्हणून ऑफिसने पुढच्या आठवड्याची यादी पाठवली आणि त्यात तिच्या गोदामाचं नाव दिसलं, तेव्हा मी ती यादी तीनदा वाचली. नवी थंड खोली. सोमवारी पहिली गाडी येणार. त्याआधी तपासणी. जबाबदार अधिकारी म्हणून खाली झेरॉक्सचं नाव.

गुरुवारी सकाळी मी पोहोचले. ती फाटकात उभी होती. अंगात जाड जाकीट, गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड. मी मिठी मारायला पुढे झाले आणि तिने माझ्यापुढे नोंदवही धरली.

"आधी इथे सही. आत येण्याची वेळ लिही."

"अगं, मी आहे!"

"तू आहेस म्हणून वेळ थांबते का?" ती म्हणाली, पण मग हसली. मिठी मारली ती एका हाताने, दुसऱ्या हातात क्लिपबोर्ड होता.

गोदामाचे स्टोअरकीपर साठीचे गृहस्थ होते. कानावरून घट्ट ओढलेली लोकरीची टोपी बाराही महिने घालत असावेत. सगळे त्यांना टोपीकाका म्हणत. त्यांनी शिडी धरली आणि मी सेन्सर टांगले. चार कोपरे, मधली फळी, पंख्याखाली, दारापाशी. अकरा नंबरचा सेन्सर पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या सगळ्यात वरच्या फळीवर गेला. झेरॉक्स खाली उभी राहून प्रत्येकाचा नंबर आणि जागा लिहून घेत होती. दोनदा तिने मला थांबवून पुन्हा विचारलं. मला मनातून जरा राग आला. हे काम मी चाळीस गावांत केलंय बाई, असं ओठांवर आलं होतं.

अकरा वाजता दार बंद झालं. खोलीत दोन ते आठ अंश हवेत. त्याच्या वर गेलं की लस बिघडते.

"पास होईल ना गं?" तिने विचारलं. तेवढ्या एका वाक्यापुरती ती माझी जुनी झेरॉक्स झाली. मग सांगितलं तिने. दीड वर्ष ती तात्पुरत्या नेमणुकीवर होती. सोमवारी मुख्य साहेब गाडीबरोबर येणार, खोली सुरू झालेली बघणार आणि तिला कायम करायचं पत्र देणार. काकूंना तिने इथे आणलंय, घर घेतलंय भाड्याने. पत्र मिळालं नाही तर दोघींनी कुठे जायचं, हे तिने मला सांगितलं नाही. मला कळत होतं.

"माझ्या हातात आहे ना," मी म्हणाले. "निश्चिंत राहा."

संध्याकाळी तिने मला घरी नेलं. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीत काकूंची खुर्ची. काकू काठी टेकत उठल्या, मी नको नको म्हणत असताना उठल्या, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"वाळलीस गं. बाहेरचं खातेस ना रोज?"

"काकू, तुमच्या ऑपरेशनला मला यायचं होतं..."

"अगं, तू येऊन काय भूल देणार होतीस?" त्या हसल्या. "ही होती की. तीन तास बाहेर बाकावर बसून हिने त्या थंड खोलीचं अख्खं पुस्तक वाचून काढलं. डॉक्टर बाहेर येऊन सांगतायत की सगळं नीट झालं, आणि ही म्हणते, एक मिनिट, एवढं पान होऊ दे."

"आई, एवढं काही नाही हं. पान नव्हतं. अर्धा परिच्छेद होता."

आम्ही तिघी हसलो. ज्या बाकावर मी तिच्या शेजारी बसणार होते, तिथे तिने एकटीने पुस्तक वाचलं होतं. जी मुलगी चार वर्षांत स्वतःच्या जर्नलचं एक पान वाचत नव्हती, तिने.

जेवताना तिला फोन आला. कुणीतरी ऑफिसमधली. ती उठून खिडकीशी गेली आणि खळखळून हसत बोलायला लागली. असं हसणं माझ्या वाट्याला येऊन कित्येक महिने झाले होते. मी ताटात बघत राहिले. हेवा वाटला, उगाच कशाला खोटं सांगू. तिला माझ्यावाचून जगता येत होतं आणि ते तिला छान जमलं होतं. काहीतरी करून हिला परत मिळवायचं, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं.

शुक्रवारी अकरा वाजता मी सेन्सर उतरवले आणि तिच्या ऑफिसात एकटीच लॅपटॉप उघडून बसले. चौदा रेषा एकीला एक लागून, साडेतीन ते साडेपाचच्या मध्ये. देखण्या. आणि अकरा नंबर. दुपारी पावणेचारला त्याने डोकं वर काढलं होतं. सहा, सात, आठ, नऊ पूर्णांक चार. चाळीस मिनिटं तो आठाच्या वर राहून मग खाली आला होता. पश्चिमेची भिंत दुपारच्या उन्हात तापत असणार. भिंतीतला उष्णता अडवणारा थर कुठेतरी पातळ असणार. म्हणजे हे काल एकदाच झालं असं नाही, रोज होणार.

खोली नापास.

अहवालाच्या नमुन्यात तिसऱ्या पानावर एक चौकट असते. सेन्सर मध्येच बंद पडला, तर तिथे खूण करायची आणि त्याचा आकडा धरायचा नाही. पंधरापैकी एक बंद पडलेला चालतो. दीड वर्षात मी ती चौकट दोनदाच वापरली होती, दोन्ही वेळा खऱ्याखुऱ्या कारणासाठी.

मी फार विचार केला असता तर बरं झालं असतं. पण मला तो बाक दिसत होता, काकूंची काठी दिसत होती, सोमवारचं पत्र दिसत होतं. आणि हात सराईत होता. मी खूण केली. "सेन्सर क्रमांक अकरा, सदोष, आकडे ग्राह्य नाहीत." बॅटरी कमकुवत असल्याचा शेरा अगदी खरा वाटेल असा लिहिला. छापलं, सही केली आणि तिच्यापुढे ठेवलं.

"पास," मी म्हणाले. "घे, कर सही. चहा पाज आता."

मला वाटलं होतं, ती शेवटचं पान उघडेल, सही करेल आणि गळ्यात पडेल. तिने खुर्ची पुढे ओढली आणि पहिलं पान वाचायला घेतलं. बोट ठेवून, ओळीओळीने. दुसरं पान. माझा चहा आला, त्यावर साय धरली. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"अकरा नंबर सदोष?"

"हो ना. बंद पडला."

"कधी?"

"काल दुपारी."

"सकाळी उतरवताना तू सगळ्यांचे आकडे मोठ्याने वाचलेस. अकराचा पाच पूर्णांक एक. मी लिहून घेतलाय." तिने क्लिपबोर्ड फिरवून माझ्यापुढे केला.

"अधूनमधून चालतो तो. बॅटरी..."

तिने मला पुढे बोलू दिलं नाही. दारातून डोकं बाहेर काढून तिने टोपीकाकांना हाक मारली आणि एक स्टीलचा पेला भरून बर्फाचा चुरा मागितला. काकांनी आणून दिला. तिने त्यात थोडं पाणी ओतलं, चमच्याने ढवळलं, माझ्या पेटीतून अकरा नंबर काढला आणि त्याची तार पेल्यात सोडली. वितळत्या बर्फाचं पाणी शून्य अंशांवर असतं. पहिल्या वर्षाचा पहिला प्रयोग. तो आम्ही दोघींनी बर्फ न आणताच लिहिला होता.

दहा मिनिटं आम्ही त्या पेल्याकडे बघत बसलो.

"शून्य पूर्णांक शून्य," ती म्हणाली. "ठणठणीत आहे. आता मला खरी रेष दाखव."

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने ते नऊ पूर्णांक चारचं टोक पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. एवढ्या कष्टांवर पाणी पडलेलं कुणाला बघवेल? तरी ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुझ्यासाठी केलं गं," मी म्हणाले. "सोमवारी गाडी आहे, तुझं पत्र आहे. आणि मी... काकूंच्या वेळी मी आले नव्हते."

"म्हणजे हे त्याच्या बदल्यात?"

मी मान खाली घातली.

"तू आली नाहीस याचा मला राग आला होता," ती म्हणाली. "अजून आहे. तो राहू दे की माझा, मी बघीन त्याचं काय करायचं ते. त्याच्यावर हा कागद कशाला चिकटवतेस?"

"एकच फळी आहे गं. चाळीस मिनिटं."

"रोजची चाळीस मिनिटं. आणि बिघडलेली लस दिसायला अगदी चांगल्या लसीसारखीच असते, बाटलीवर काही उमटत नाही. टोचणाऱ्या नर्सला कळणार नाही, त्या बाळाच्या आईला कळणार नाही. कळणार फक्त तुला नि मला." तिने अहवाल माझ्याकडे सरकवला. "आपली जर्नलं रद्दीत गेली, ठिपकी. हे कुठे जाणार आहे, सांग."

माझ्या तोंडावर कुणी मारल्यासारखं झालं. लाजेने मी लाल झाले. आणि त्याच वेळी, हे कसं सांगू कळत नाही, मला तिचा इतका अभिमान वाटला की छाती भरून आली. दीड वर्ष वाट पाहिलेलं पत्र, भाड्याचं घर, आजारी आई, सगळं त्या तिसऱ्या पानावर टांगलेलं असताना ही माझी आळशी, न वाचता उतरवून काढणारी मैत्रीण बोट ठेवून वाचत होती. चाळीस गावांत मला अशी कुणी भेटली नव्हती. त्या चाळीस गावांत मी स्वतःला फार मोठी समजत होते.

मी अहवाल फाडला. नवा केला. अकरा नंबरचा आकडा जसाच्या तसा लिहिला, निष्कर्षाच्या जागी "नापास" लिहिलं आणि सही केली. तिने तोही पहिल्या ओळीपासून वाचला. माझ्यावर विश्वास ठेवून पानं उलटेल अशी आशा मला नव्हतीच, आणि तिने उलटलीही नाहीत. वाचून झाल्यावर तिने माझ्या सहीखाली आपली सही केली.

तोवर ऊन पश्चिमेला कललं होतं. ती उठून बाहेर त्या बाजूला गेली. मी मागोमाग. पश्चिमेच्या भिंतीला तिने बाहेरून तळहात लावला, टोपीकाकांनाही लावायला सांगितला. "तापतेय," काका म्हणाले. "कंत्राटदाराने इथे थर कमी भरलाय, ताई. ठोकून बघा, आवाज वेगळा येतो." तिने ठोकून पाहिलं, खडूने भिंतीवर चौकोन आखला आणि तिथेच उभं राहून मुख्य साहेबांना फोन लावला. मला तिची एकटीचीच बाजू ऐकू येत होती.

"साहेब, खोली नापास आहे... हो, आजच अहवाल आला... पश्चिमेची वरची फळी, नऊ पूर्णांक चार... नाही, सोमवारची गाडी मी घेणार नाही. जुन्या गोदामात उतरवा, तिथे जागा आहे, मी बघून ठेवलीय. भिंत दुरुस्त करून पुन्हा तपासणी करू... पत्राचं तुम्ही ठरवा, साहेब. मी खोलीचं सांगतेय."

पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. तिच्या कपाळावर आठी चढत गेली. साहेब काय म्हणत असतील, ते तिच्या उत्तरावरून कळलं.

"सेन्सरच खराब असेल म्हणताय?" ती म्हणाली.

ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिला फक्त काय घडलं ते साहेबांना सांगायचं होतं. त्याने तिला पत्र मिळालं नसतं, पण माझी नोकरी नक्की गेली असती. आणि ते माझ्या कर्माचंच फळ झालं असतं.

"नाही साहेब. सेन्सर चोख आहे. तिने स्वतः माझ्यासमोर बर्फात घालून तपासलाय... कोण म्हणजे? तपासणीला आलेली बाई. माझी मैत्रीण आहे, कॉलेजपासूनची... हो हो, मैत्रीण. म्हणूनच खात्रीने सांगते. दुसरं कुणी असतं तर माझ्याकडे बघून आकडा खाली आणला असता. ती नाही आणणार."

तिने फोन ठेवला. वळून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी राहून रडत होते, टोपीकाकांच्या देखत, चांगली हुंदके देऊन.

"काय म्हणाले?" मी कसंबसं विचारलं.

"भडकलेत. सोमवारी येऊन भिंत बघणार आहेत म्हणे. पत्राबद्दल काही बोलले नाहीत." तिने हातावरचा खडू झटकला. "पुन्हा तपासणी कधी करता येईल?"

संध्याकाळच्या गाडीचं माझं तिकीट होतं, पुढच्या गावाला. मी तिथल्या तिथे ऑफिसला फोन लावला आणि आमच्या साहेबांना सांगितलं की इथली भिंत दुरुस्त होऊन दुसरी तपासणी पुरी होईपर्यंत मी इथून हलणार नाही, पुढच्या गावाला दुसरं कुणी पाठवा. दीड वर्षात असं मी पहिल्यांदा म्हणत होते. साहेबांनी कारण विचारलं.

"खोली नापास झालीय," मी म्हणाले. "आणि साहेब, आणखी एक सांगायचंय, माझ्याबद्दल. पहिला अहवाल मी चुकीचा लिहिला होता. इथल्या अधिकारी बाईंनी तो पकडला."

झेरॉक्सने झटकन माझा हात धरला आणि जोरजोराने मान हलवायला लागली, नको, नको म्हणून. मी तिचा हात सोडवला नाही, तसाच घट्ट धरला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.